मॅरोच्या रिपोर्टात ‘रक्तवाहिन्या वाढल्या’ असं आलंय, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

निपाणीजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलं आहे. वडील ६१ वर्षांचे, आयुष्यभर तंबाखू आणि ऊस केला. सहा-सात महिने कंबर दुखत होती, ती कामाचीच म्हणून अंगावर काढली. मग धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं आणि बेळगावात तपासण्या होऊन मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा (संसर्गाशी लढणारी प्रथिनं बनवणाऱ्या पेशींचा) कॅन्सर. आता दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबची सुई, रोज रात्री थॅलिडोमाइडची कॅप्सूल आणि आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोनच्या गोळ्या असा उपचार सुरू आहे. बोन मॅरोच्या रिपोर्टाच्या एका पानाचा फोटो त्याने टाकला आहे, त्याच्या शेवटी एक ओळ आहे: रक्तवाहिन्यांचं प्रमाण वाढलेलं, सीडी३४ वर सूक्ष्मवाहिन्यांची घनता जास्त. एका नातेवाइकाने ती वाचून सांगितलं की कॅन्सर रक्तवाहिन्यांत शिरला, आता काही खरं नाही. दुसऱ्याने रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या महागड्या इंजेक्शनचं नाव सांगितलं, आणि घरात अर्धा एकर विकायची बोलणी सुरू झाली आहेत. त्यात थॅलिडोमाइडवर एकेकाळी बंदी आली होती हेही वाचनात आलं. ‘ही ओळ किती वाईट आहे आणि इंजेक्शन द्यावं का?’ असा प्रश्न आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, आणि बेळगावात बोन मॅरोच्या स्लाइड वाचून रिपोर्ट लिहायचं काम बावीस वर्षं करते आहे. अशा ओळी मी स्वतः लिहिते, त्यामुळे तिच्यात काय असतं आणि काय नसतं हे मला सांगता येईल. कोणतं औषध, किती आणि केव्हा बदलायचं हे मात्र वडिलांना हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळ्यात आधी, त्या ओळीसाठी जमीन विकू नका. आता कारण सांगते, थोडं सविस्तर, कारण नुसतं ‘घाबरू नका’ म्हटल्याने कुणाची भीती जात नाही.

मटणाची नळी फोडली की आत मऊ मगज निघतो, तीच अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो. माणसाच्या कमरेच्या हाडात, मणक्यांत, बरगड्यांत, छातीच्या हाडात ती जन्मभर रक्त तयार करत असते. आपल्याकडे बरेच जण या तपासणीला ‘पाठीतलं पाणी काढलं’ म्हणतात. पाठीतलं पाणी काढणं ही वेगळी तपासणी आहे. मॅरोसाठी कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून थोडं रक्तासारखं द्रव ओढतात आणि त्याच जागेतून हाडाची दीड-दोन सेंटिमीटरची काडी काढतात. ती काडी फॉर्मेलिनमध्ये ठेवायची, तिच्यातला चुना विरघळवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायची आणि तिचे कागदाहून कितीतरी पातळ काप काढून रंगवायचे. द्रवातून पेशी कशा आहेत ते कळतं. त्या एकमेकींच्या शेजारी कशा बसल्या आहेत, मधून काय जातंय, हे फक्त काडीत दिसतं. रक्तवाहिन्यांची ओळ या काडीवरूनच लिहिलेली असते.

सीडी३४ हे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर असणारं एक प्रथिन. त्याला चिकटणारा रंग लावला की वाहिन्या तपकिरी दिसतात. निरोगी मॅरोत मला त्या शोधाव्या लागतात. चरबीच्या गोल पोकळ्या, मधे रक्तपेशींचे घोळके, आणि एखादी बारीक तपकिरी रेघ. मायलोमाच्या काडीत अनेकदा चित्र पालटलेलं असतं. प्लाझ्मा पेशींचे ढीग आणि त्यांच्या आजूबाजूला आखूड, वाकड्या, फाटे फुटलेल्या रेघाच रेघा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला शेताच्या कडेला पसरलेल्या हरळीची आठवण झाली होती.

या रेघा येतात कुठून? तुमच्या भागात कुणी दोन एकरांचा ऊस पाच एकर केला, तर विहिरीचं पाणी पुरत नाही. मग तो वेदगंगेवरून पाइपलाइन ओढतो. प्लाझ्मा पेशींची गर्दी झाली की त्यांचंही असंच होतं. मॅरोत रक्त भरपूर खेळत असलं तरी ऑक्सिजन मुळातच कमी असतो, आणि गर्दीत तो आणखी कमी पडतो. मग त्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या वाहिन्यांना तो निरोप पोचतो आणि त्यांना नवे फाटे फुटतात. हे प्रथिन १९८३ मध्ये वाहिन्यांना पाझरायला लावणारा घटक म्हणून लक्षात आलं आणि १९८९ मध्ये वेगळं काढून ओळखलं गेलं. नव्या वाहिन्या घाईघाईत झालेल्या असतात, त्यामुळे त्या गळक्या आणि वेड्यावाकड्या असतात. त्या नुसतं पाणी आणत नाहीत, हेही समजून घ्या. वाहिन्यांच्या भिंती आणि त्यांच्या शेजारच्या आधारपेशी इंटरल्यूकिन-६ सारखे पदार्थ सोडतात, आणि ते प्लाझ्मा पेशींना खतासारखे लागू पडतात. म्हणजे पाइपलाइनमधून पाण्याबरोबर युरियाही येतो. रोग आणि वाहिन्या एकमेकांना पोसतात, म्हणून शास्त्रज्ञांना या विषयात इतका रस.

हा विषय फार जुना नाही. गाठीच्या कॅन्सरला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार जुडा फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ मध्ये ठामपणे मांडला. रक्ताच्या कॅन्सरला तो लागू होईल असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. पेशी रक्तातच, मग त्यांना वेगळी वाहिनी कशाला, असा साधा तर्क होता. १९९४ मध्ये इटलीतल्या बारी इथल्या व्हाक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमाच्या मॅरोत वाहिन्या मोजल्या आणि रोग जोरात असलेल्यांत त्या स्पष्टपणे जास्त भरल्या. १९९७ मध्ये बोस्टनमध्ये तीव्र लिम्फॅटिक ल्युकेमियाच्या मुलांच्या मॅरोतही तेच दिसलं, आणि पुढे तीव्र मायलॉइड ल्युकेमियातही.

यातला एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००२ मध्ये सुमारे ४०० जणांच्या मॅरोतल्या वाहिन्या मोजून आकडे दिले. सूक्ष्मदर्शकातून ४०० पट मोठं करून पाहिलेल्या एका दृश्यात निरोगी माणसाच्या वाहिन्यांची मध्यम संख्या १.३ होती. रक्तात मायलोमासारखं प्रथिन आहे पण रोग नाही, अशांच्यात ३. रोग आहे पण अजून त्रास देत नाही, अशांच्यात ४. नव्याने निदान झालेल्या मायलोमात ११, आणि उपचारानंतर उलटलेल्या मायलोमात २०. तुमच्या वडिलांना नव्याने मायलोमा निघाला आहे. त्यांच्या मॅरोत वाहिन्या वाढलेल्या दिसणं हे या रोगाचं नेहमीचं रूप आहे. त्या ओळीने निदानात नवीन काही भर घातली नाही. मॅरोत मायलोमा आहे हे रिपोर्टात वर लिहिलंच होतं, ही ओळ त्याच घराच्या अंगणाचं वर्णन करते.

आता ‘कॅन्सर रक्तवाहिन्यांत शिरला’ याबद्दल. स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर असेल आणि गाठीच्या रिपोर्टात पेशी वाहिनीत शिरल्याचं लिहिलं असेल, तर ते खरंच महत्त्वाचं असतं, कारण तिथून ती गाठ दुसरीकडे जाऊ शकते. तुमच्या नातेवाइकांनी बहुतेक ते ज्ञान इथे लावलं. मनापासूनच सांगितलं असणार, पण इथे ते बसत नाही. मायलोमा पहिल्या दिवसापासून अनेक हाडांच्या मॅरोत असतो. एका जागेतून दुसऱ्या जागी ‘पसरला’ ही भाषा त्याला तशी लागत नाही. तुमच्या रिपोर्टात वाहिन्या वाढल्या असं आहे, वाहिन्यांत पेशी घुसल्या असं नाही.

ही ओळ कमी-जास्त कशाने होते तेही सांगते, कारण ‘जास्त’ हा शब्द परिस्थितीवर फार अवलंबून आहे. वाहिन्या मोजताना आम्ही आधी सर्वांत दाट जागा शोधतो आणि तिथे मोजतो. मी एक जागा निवडीन, दुसरी व्यक्ती दुसरी निवडेल, आकडा बदलेल. काडी आखूड निघाली, काढताना चेंगरली, चुना काढायला आम्लात जास्त वेळ राहिली, तर रंग नीट चढत नाही. त्यात सीडी३४ हा रंग काही कोवळ्या रक्तपेशींनाही चढतो. तीव्र ल्युकेमियात तर ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या रोगी पेशीच, अनेकदा तपकिरी होतात, आणि नवखा वाचणारा गोंधळू शकतो, म्हणून तिथे आम्ही सीडी३१ किंवा दुसरा रंग जोडीला घेतो. केमोनंतर मॅरो पुन्हा भरून येत असताना किंवा पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू असतानाही चित्र बदलतं. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून बघू नका. किती पट मोठं करून आणि किती क्षेत्रात मोजलं हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

मायलोमाची पायरी, म्हणजे स्टेज, ठरवताना हा आकडा धरतच नाहीत. २००५ ची जगभर वापरली जाणारी पद्धत रक्तातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या दोनच गोष्टी बघते. २०१५ मध्ये त्यात रक्तातलं एलडीएच आणि गुणसूत्रांतले काही बिघाड जोडले गेले. वाहिन्यांची घनता जास्त असलेल्यांचा रोग जरा जोरकस असू शकतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, ते मी लपवत नाही. पण ती माहिती या बाकीच्या तपासण्यांतून जास्त पक्की मिळते, म्हणून उपचार ठरवताना कुणी वाहिन्या मोजून औषध निवडत नाही.

ही ओळ मी लिहिते तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांच्या रिपोर्टात मी ‘रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात वाढलेल्या’ एवढंच लिहून सही केली. अर्थ लिहिला नाही. डॉक्टरांना कळेलच असं मी धरून चालले. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या हातात पडला, गावातल्या कुणीतरी त्याचा अर्थ लावला आणि त्यांनी उपचार सुरूच केले नाहीत. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली होती. माझं वाक्य खरं होतं, तरीही ते चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं होतं. तेव्हापासून अशी ओळ लिहिली की तिच्याखाली ‘हे या आजारात अपेक्षित आहे, यावरून वेगळा उपचार ठरत नाही’ असं मी जोडतेच. सीमाभागात याची गरज जास्त आहे. रिपोर्ट इंग्रजीत येतो, दवाखान्यात बोलणं बऱ्याचदा कन्नडमध्ये होतं, आणि रात्री घरी बसून समजून घ्यायचं ते मराठीत. तीन भाषांच्या मधल्या फटीत बरंच काही पडून जातं. पुढच्या खेपेला जाल तेव्हा सरळ सांगा की हे आम्हाला मराठीत समजावून हवं आहे. बेळगावच्या दवाखान्यांत दोन्ही भाषा बोलणारी सिस्टर किंवा डॉक्टर जवळपास नेहमीच असतात, विचारायला संकोच करू नका.

आता इंजेक्शन. तुम्ही नाव लिहिलं आहे, बेव्हासिझुमॅब. हे व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करणारं औषध आहे. २००४ मध्ये अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि नंतर आणखी काही गाठीच्या कॅन्सरमध्ये वापरात आलं. वाहिन्या तोडल्या की मायलोमा सुकेल, असा विचार साहजिकच पुढे आला. उलटलेल्या मायलोमात बोर्टेझोमिबच्या जोडीला हे देऊन चाचणी झाली. नुसत्या बोर्टेझोमिबपेक्षा नजरेत भरण्याजोगा फायदा काही निघाला नाही. माझ्या समजुतीने कारण असं आहे: गाठ स्वतःच्या नव्या वाहिन्यांवर जगते, पण मॅरोत जुन्या, चांगल्या वाहिन्या मुळातच भरपूर असतात आणि शेजारच्या आधारपेशींकडूनही खत मिळत राहतं. एक नळ बंद केला तर दुसरा उघडाच असतो. शिवाय या औषधाने रक्तदाब वाढतो, जखमा उशिरा भरतात, रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी ते सुचवलेलं नाही, आणि मायलोमाच्या नेहमीच्या उपचारांत त्याला जागा नाही. अर्धा एकर वाचवा, पुढे त्याची खरी गरज लागू शकते.

थॅलिडोमाइडची कहाणी मात्र या विषयाशी घट्ट बांधलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून विकायला आलं. गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं, आणि हात-पाय अर्धवट वाढलेली मुलं जन्माला यायला लागली. जगभर सुमारे १०,००० मुलं बाधित झाली. १९६१ च्या शेवटी जर्मनीत ते मागे घेतलं. तुम्ही वाचलेली बंदी ती हीच. पुढे कुष्ठरोगात येणाऱ्या वेदनादायक गाठी आणि तापावर ते गुणकारी असल्याचं लक्षात आलं आणि औषध पूर्ण मेलं नाही. मग १९९४ मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट डी’अमाटो यांनी दाखवलं की थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. गर्भाचे हातपाय वाढायला नव्या वाहिन्या लागतात, त्या अडल्या तर काय होईल, हा धागा तिथे जुळला. मायलोमात वाहिन्या वाढतात हे त्याच वर्षी इटलीतून आलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधून सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की सर्व उपचार थकलेल्या ८४ मायलोमा रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना थॅलिडोमाइडने फरक पडला. त्या काळात ही फार मोठी बातमी होती.

त्यातही एक अवघड गोष्ट होती. औषध लागू पडलेल्यांच्या मॅरोतल्या वाहिन्या अपेक्षेइतक्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. म्हणजे औषध चाललं, पण ज्या कारणाने चालेल असं वाटलं होतं त्याच कारणाने चाललं का, ही शंका राहिली. उत्तर २०१० मध्ये जपानमधून आलं: थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. २०१४ मध्ये कळलं की त्यामुळे प्लाझ्मा पेशींना जगायला लागणारी दोन प्रथिनं, इकारोस आणि आयोलोस, पेशी स्वतःच मोडून टाकते. वाहिन्यांवरचा परिणाम खोटा नाही, पण मुख्य मार अस्सल रोगी पेशीवर बसतो. माझ्या मते वाहिन्यांच्या सगळ्या संशोधनातून तुमच्यासारख्या घरांनी घ्यायचं ते इथे आहे. वाहिन्यांमागे लागून औषध सापडलं, पण रोग हटतो तो पेशी गेल्यावर.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: ती ओळ मायलोमात अपेक्षित आहे, ती पायरी नाही, पसरणं नाही, त्यासाठी वेगळं इंजेक्शन नाही, आणि तुमचे वडील घेत असलेला उपचार योग्य दिशेचाच आहे.

मग पेशी गेल्या की वाहिन्याही जातात का? तीव्र मायलॉइड ल्युकेमियात ज्यांचे ब्लास्ट पहिल्या केमोने साफ झाले, त्यांच्या मॅरोत वाहिन्या दोन-अडीच आठवड्यांतच झपाट्याने घटलेल्या मोजल्या गेल्या, आणि ब्लास्ट उरलेल्यांत फार घटल्या नाहीत. मायलोमात हे सावकाश होतं. रोग पूर्ण दबलेल्यांतही काही काळ वाहिन्या जास्त राहिलेल्या दिसल्या आहेत, आणि स्लाइडवर मलाही तसंच दिसतं. पीक काढलं तरी पाइपलाइन शेतात पडून राहते, तसं. म्हणून नुसत्या वाहिन्या मोजायला पुन्हा हाडात सुई घालून घेऊ नका. उपचार लागू पडतोय का हे रक्तातल्या एम-प्रोटीनवरून (रोगी प्लाझ्मा पेशी सोडतात ते प्रथिन), लाइट चेनवरून (त्याच प्रथिनाचे सुटे तुकडे), हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवरून कळतं. पुन्हा मॅरो कधी करायचं ते डॉक्टर सांगतील.

त्या ओळीला घाबरण्यात जी ताकद जातेय ती आता पुढच्या गोष्टींकडे वळवा. मला यांची काळजी जास्त वाटते.

थॅलिडोमाइड आणि डेक्सामेथासोन एकत्र सुरू असताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यासाठी बहुतेक रुग्णांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध देतात. वडिलांच्या चिठ्ठीत असं काही आहे का ते विचारा, स्वतःहून मात्र सुरू करू नका. एका पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आपल्याकडची माणसं दुसरं मत घ्यायला रात्रीच्या बसने मुंबईला नाहीतर बंगळूरला जातात, आठ-दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसतात. माझ्या ओळखीच्या एका रुग्णाचा पाय अशाच प्रवासानंतर सुजला होता आणि घरच्यांनी तो प्रवासाचा शीण समजून चार दिवस तेल चोळलं. जायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गाडी थांबेल तिथे त्यांना उतरवून चालवा आणि पाणी द्या.

थॅलिडोमाइडची कॅप्सूल उघडायची नाही आणि फोडायचीही नाही. घरात मूल होण्याच्या वयाची कुणी असेल, तुमची बायको किंवा बहीण, तर तिने ती हाताळू नये. औषध वीर्यातही उतरतं, म्हणून वडिलांनाही संबंधांत काळजी घ्यायला लागते. हे बोलायला अवघड आहे, डॉक्टरांकरवी सांगा, पण सांगा. उरलेल्या कॅप्सूल कुणा ओळखीच्या रुग्णाला देऊ नका. तळपायाला मुंग्या, बधिरपणा, चप्पल निसटल्याचं न कळणं, हे नसांवरच्या परिणामाचं लक्षण आहे. थॅलिडोमाइड आणि बोर्टेझोमिब दोघांनीही ते होतं आणि वेळेवर सांगितलं तर मात्रा कमी करता येते. बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध मागून घ्या. अंगावर एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर ती नागीण असू शकते, बोर्टेझोमिबवर तिचा धोका वाढतो. तिच्यावर मंत्र घालायला न नेता थेट दवाखान्यात न्या.

कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणणं आजपासून बंद. मायलोमाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असतं, त्यात या गोळ्या पडल्या की मूत्रपिंड बसायला वेळ लागत नाही. वर सांगितलेल्या आजोबांचं नुकसान निम्मं या गोळ्यांनीच झालं होतं, असं मला आजही वाटतं. दुखण्यासाठी सुरक्षित औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्या. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी पोटात जाऊ द्या.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की डाळ, अंडी, दूध बंद करा, म्हणजे वाहिन्या उपाशी मरतील. आधी माणूसच अशक्त होईल. शरीराला लागणारं प्रथिन आणि मायलोमाचं प्रथिन यांचा असा सरळ संबंध नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर प्रमाण डॉक्टर सांगतील, नाहीतर आमटी-भात, उसळ, अंडं चालू द्या. डेक्सामेथासोनने साखर वाढते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गोड आवरा. जेवणातल्या हळदीला माझी हरकत नाही. पण हळदीच्या, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या देऊ नका. ग्रीन टीतला एक घटक आणि व्हिटॅमिन सी हे दोन्ही बोर्टेझोमिबचा जोर कमी करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि हळदीच्या अर्काची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पैशाबद्दल एवढंच. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढलं आहे का ते आधी बघा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमचं गाव यादीत आहे का आणि कोणत्या दवाखान्यात ती चालते, हे कोल्हापुरातल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे कागदपत्रं नेऊन विचारा. नियम बदलत असतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तुम्ही टाकलेल्या फोटोत रिपोर्टचं पहिलंच पान आहे. प्लाझ्मा पेशी किती टक्के, कप्पा-लॅम्डाचं (प्लाझ्मा पेशी एकाच जातीच्या आहेत का ते सांगणाऱ्या तपासणीचं) काय आलं, रेटिक्युलिनचा, म्हणजे मॅरोतल्या बारीक धाग्यांचा, दर्जा किती, हे दुसऱ्या पानावर असेल. त्याशिवाय गुणसूत्रांतले बिघाड शोधणाऱ्या फिश तपासणीचा कागद वेगळा येतो, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तो लॅबमध्येच पडून राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का, ४ आणि १४ किंवा १४ आणि १६ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल आहे का, हे त्यात असतं, आणि उपचाराचं पुढचं पाऊल त्यावर ठरू शकतं. सोमवारी लॅबला फोन करून तो कागद तयार आहे का ते विचारा, आणि दोन्ही पानं नाव-पत्ता झाकून इथेच टाका.